सातव्या घराचा आकडा

वाघोबाच्या दगडासमोर त्या सकाळी अख्खा पाडा जमला होता आणि प्रत्येकाची मान खाली होती. देवापुढं लवून नव्हे, जमिनीवरचे आकडे बघायला.

शेणानं सारवलेल्या जागेवर राखेच्या चिमटीनं सहा अंक काढले होते, एकेक हातभर उंच: १ ४ २ ८ ५ ७. त्यांच्या उशाशी अंकनाथ महाराज उभे. दाढी छातीपर्यंत, आवाज दरीपलीकडे जाईल असा, आणि कपाळावर गंधाच्या जागी शेंदरानं रेखलेला ठसठशीत सात. महाराज चार दिवसांपूर्वी घाटावरून खाली उतरले होते. तिकडं त्यांचं नाव काय होतं आणि तिकडून ते का उतरले, हे विचारायला पाड्यात कुणाला सवड नव्हती.

"बघा रे बाळांनो! ब्रह्मदेवाच्या पाटीवरचा आकडा! एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न! याला दुप्पट करा, हा फुगत नाही. तिप्पट करा, हा बिथरत नाही. नुसती कूस बदलतो! जय अंकमाय!"

असं म्हणून त्यांनी ओठांतल्या ओठांत हिशेब केला आणि खालच्या ओळीत राख सोडली: २ ८ ५ ७ १ ४.

पाड्यात अक्षरओळख असलेलं एकही माणूस नव्हतं. पण डोळे सगळ्यांना होते. म्हातारी बायडी गुडघ्यांवर हात टेकून वाकली, वरची ओळ बघितली, खालची बघितली.

"तीच हायत," ती म्हणाली. "तीच सहा चित्रं. पुढली दोन मागं जाऊन बसली."

गर्दीतून एक उसासा गेला. तिप्पट केली तेव्हा ४ २ ८ ५ ७ १ आले. चौपट केली तेव्हा ५ ७ १ ४ २ ८. दर वेळी तीच सहा चित्रं, त्याच क्रमानं, फक्त कुणीतरी दुसरंच पुढं. लोकांनी हात जोडले. खरं सांगायचं तर माझेही हात अर्ध्यावर आले होते, ते मी खिशात घातले.

मी तेव्हा जव्हार संस्थानच्या नोकरीत कंपाउंडर होतो. शके १८३४चा आश्विन. पाऊस सरला की आमच्या या डोंगरात ताप येतो, हे इथं जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मोठी माणसं कुडकुडून उठतात. लहान पोरांना मात्र ताप डोक्यात चढतो, हातपाय वाकडे होतात, दात बसतात. त्याला आकडी म्हणतात. दाभोशाच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला असलेल्या या सात घरांच्या पाड्यात पंधरा दिवसांत सहा पोरं आकडी येऊन दगावली होती. ती बातमी जव्हारला पोचली आणि मला तापावरच्या कोयनेलची, म्हणजे क्विनीनची, बाटली घेऊन धाडण्यात आलं. वाटेत साखरशेतला तापाची चार घरं लागली, तिथं निम्मी बाटली रिकामी झाली. उरलेली घेऊन मी पाड्यावर आलो तो हा सोहळा चाललेला.

आल्याआल्या मी माघ्याकडं गेलो होतो. माघ्या पाड्याचा कारभारी, त्याचं घर वाघोबाच्या दगडाला लागून पहिलं. त्याची दोन पोरं त्या सहांतली. तिसरी चिमी, चार वर्षांची, ओसरीवर गोधडीत तापानं फणफणत पडली होती आणि आई रखमी तिच्या कपाळावर ओला फडका ठेवत होती. मी बाटली काढली. माघ्यानं माझा हात धरला, जोरानं नाही, पण सोडला नाही.

"आता नको, डागतर. महाराज बोलला, आकडा निघेस्तवर पोटात कायपण गेलं तर भुताळी चवताळंल."

"अरे, तोवर पोर हातची जाईल!"

"सहा गेली," तो म्हणाला. "भगत केला, कोंबडं दिलं, बोकड दिला. पाला पाजला. सगळं करून सहा गेली. तू काल कुठं होतास? परवा कुठं होतास? हा माणूस चार दिस इथं बसलाय."

मी रखमीकडं पाहिलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग पोरीकडं, आणि फडका पुन्हा पाण्यात बुडवला. मी बाटली पिशवीत ठेवली. ती ठेवायला नको होती, हे मला आज कळतं.

तर महाराज. "आता आकडा दारोदार चालणार!" त्यांनी घोषणा केली. "सहा पोरांना आकडी कुणी लावली? आकडी लावणारीला आकडाच धरणार! जिथं माझा आकडा नीट चालला ते घर चोख. जिथं मोडला, ते घर भुताळीचं!"

भुताळी म्हणजे पोरांना खाणारी बाई, असं लोक समजत. ती निघाली की तिला फोकांनी झोडपत धबधब्याच्या कड्यावर नेत. पुढं काय होई ते कुणी बोलून दाखवत नसे.

घरांची एकच ओळ होती. महाराजांनी वाघोबाच्या बाजूनं सुरुवात केली. पहिलं घर माघ्याचं. "एकानं गुणा!" आकडा जसाच्या तसा. चोख! दुसरं घर, दोनानं. चोख! तिसरं, चौथं, पाचवं. एकेक घरवाला पुढं येई आणि आपली ओळ उमटली की मटकन खाली बसे. सहावं घर जिव्याचं. त्याचा लहान्याही तापानं पडला होता. ८ ५ ७ १ ४ २. चोख! जिव्या तिथंच रडला.

उरलं सातवं घर. त्या घरात फागी एकटी राहायची. नवरा वाघानं नेलेला, पोर झालंच नव्हतं. पाड्याची एक रीत होती: शिकार आली, मासे आले, रानातून काही आलं, तर सात घरांचे सात वाटे फागीनं घालायचे. जिला आपलं म्हणायला घरात कुणी नाही, तिचा हात कुणाकडं झुकत नाही, असा त्यामागचा हिशेब. वर्षानुवर्षं ज्या हातावर सगळ्यांनी भरवसा टाकला, तो हात आता वाघोबासमोर जोडलेला होता.

महाराजांनी डोळे मिटले. सातानं गुणलं. आणि एकेक अंक काढला, सावकाश, प्रत्येकाला दिसेल असा.

९ ९ ९ ९ ९ ९.

बायडी किंचाळली. "आकडे! सहा आकडे!"

इथं मला थांबून सांगायला हवं. आपल्या बोलीत आकडा म्हणजे अंक, हे शाळेत गेलेल्यांना ठाऊक. पाड्यात आकडा म्हणजे बांबूच्या टोकाला बांधायचं वाकडं लाकूड, ज्यानं फांदी खाली ओढून आंबा तोडतात. आता नऊ लिहून बघा. वर गाठ, खाली वळलेली शेपटी. त्या लोकांना जमिनीवर नऊ दिसलेच नाहीत. त्यांना सहा फळं तोडायला लावलेले सहा आकडे दिसले.

महाराजांनी ती संधी सोडली असती तर ते महाराज कसले! "मोजा! किती पोरं गेली? सहा! किती आकडे निघाले? सहा! हिनं एकेका पोराला आकडा लावून ओढलं! हाच तो आकडा, हीच ती आकडी!"

फागीला वाघोबाच्या दगडाजवळच्या खांबाला बांधलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माघ्या, तुझी पोरं मीच खेळवली रं." माघ्या तिच्याकडं बघत नव्हता. दिवस मावळायच्या आत तिला कड्यावर न्यायचं ठरलं.

मी ओरडलो. संस्थानचा कायदा सांगितला, फौजदार येईल म्हणालो. जिव्यानं शांतपणे विचारलं, "कधी येईल?" जव्हार पायी जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस. मग मी म्हणालो की हा गुणाकार खोटा आहे. महाराज हसले, अगदी मायेनं. "बाबू, तूच करून बघ ना. शिकलेला दिसतोस."

मी काडी घेतली आणि सगळ्यांसमोर सातही गुणाकार करून पाहिले. एकूण एक बरोबर. दोनदा केले, तरी बरोबर.

"डागतर पण तेच बोलतो!" कुणीतरी म्हणालं. म्हणजे महाराजांना साक्षीदार हवा होता तो मीच आयता मिळालो. तोंडात मारल्यासारखा मी तिथून निघालो आणि फागीच्या रिकाम्या ओसरीवर जाऊन बसलो. ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं.

ही लबाडी आहे हे मला ठाऊक होतं. पण कुठं आहे ते सापडत नव्हतं, आणि नुसतं ठाऊक असून बाई वाचत नाही. राखेत खोट नाही, हातचलाखी नाही, हिशेबात चूक नाही. मग आकडा त्या घरावरच का मोडला? मी डोकं धरून बसलो. समोर खांबाला बांधलेली फागी दिसत होती. पलीकडून रखमीची हाक येत होती, "चिमे, ए चिमे," दर थोड्या वेळानं, तीच.

डोकं चालेना तेव्हा मी हात चालवायला घेतले. काटा काढला, कागद फाडले. संध्याकाळी काहीही होवो, उरलेल्या कोयनेलच्या पुड्या तरी बांधून ठेवू. बाटलीत शंभर ग्रेन भरलं. ग्रेन म्हणजे आमचं औषधाचं बारीकसं वजन. घरं सात. प्रत्येक घराला सारखा वाटा किती? सातवं घर धरायचं की नाही असा विचार माझ्या मनात आला, आणि माझी मलाच लाज वाटली. धरलं.

शंभर भागिले सात. सात चौदा अठ्ठ्याण्णव, उरले दोन. वाटा चौदा ग्रेनचा. पण वरचे दोन कुणाच्या पुडीत घालणार? माझा स्वभाव असा की भागाकार अर्धा सोडला तर झोप येत नाही. दोनावर शून्य, वीस. सात दुणे चौदा, उरले सहा. साठ. सात आठे छप्पन्न, उरले चार. चाळीस. सात पाचे पस्तीस, उरले पाच. पन्नास. सात साते एकोणपन्नास, उरला एक. दहा. सात एके सात, उरले तीन. तीस. सात चोक अठ्ठावीस, उरले दोन.

पुन्हा दोन.

मी कागदाकडं पाहिलं. चौदा, आणि त्यापुढं २ ८ ५ ७ १ ४. ब्रह्मदेवाची पाटी माझ्या पुडीच्या कागदावर उतरली होती!

मी ताडकन उठलो आणि परत बसून भागाकार वरपासून तपासला. इतकं सोपं होतं ते. सातानं भागायला घेतलं की बाकी उरून उरणार किती? एक, दोन, तीन, चार, पाच, नाहीतर सहा. सहाच जागा. शून्यावर शून्य देत भागत गेलो की बाकी त्या सहा जागांवरून फिरते आणि पहिल्या जागी परत येते, खळ्यात मेढीभोवती बैल फिरतो तशी. तिच्याबरोबर भागाकारात उमटणारे अंकही फिरतात: १, ४, २, ८, ५, ७, आणि पुन्हा १. दोनानं गुणणं म्हणजे बैल दोन बाकीच्या जागेवरून हाकायचा, तिनानं गुणणं म्हणजे तीन बाकीच्या. पावलं तीच राहणार, बैल तोच आणि मेढही तीच.

आणि ते सहा नऊ? नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव या आकड्याचे सात सारखे वाटे घाला. एकेक वाटा बरोबर एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. बाकी शून्य. महाराजांनी सहा नवांपासूनच सुरुवात केली होती. त्यातला एक वाटा खिशात घालून ते घाट उतरले होते, आणि इथं सात वाटे पुन्हा एकत्र केल्यावर मूळचे सहा नऊ निघाले म्हणून बोंब मारत होते.

मी सात पुड्या बांधल्या आणि धावत वाघोबाकडं गेलो. लोकांनी फोक तोडून आणले होते. ऊन पिवळं झालं होतं.

"माघ्या! एक विचारतो, मग काय करायचं ते करा. फागीला विचारतो." मी तिच्यासमोर उभा राहिलो. "फागे, रानडुक्कर आला तर वाटे किती घालतेस?"

तिचे ओठ वाळले होते. "सात."

"सगळे सारखे?"

"सारखे. विचार कुणालापण."

"ते सातही वाटे परत एका जागी ठेवले तर काय होईल?"

ती माझ्याकडं खुळ्यासारखी बघत राहिली. "काय होईल? अख्खा डुकर होईल."

"सहा वाटे ठेवले तर?"

"मग डुकर कसा होईल? एक वाटा कमी ना."

"ऐकलंत?" मी वळलो. "महाराजांनी या सहा नवांचा डुक्कर आधीच कापून सात वाटे केले. त्यातला एक वाटा तुम्हाला दाखवला. सहा घरं होईतो डुक्कर पुरा होत नव्हता, सातव्या घरी पुरा झाला. फागीच्या जागी वाघोबा स्वतः बसला असता तरी सातव्या घरी हेच सहा नऊ निघाले असते!"

लोक चुळबुळले. सगळ्यांना कळलं असं मी म्हणणार नाही. पण डुक्कर सगळ्यांना कळला.

"थोतांड!" महाराज गरजले. "अंकमायेला डुक्कर म्हणतो! मग सातवं घर हिचंच का आलं? बोल!"

"कारण तुम्ही मोजायला तिकडून सुरुवात केलीत. एकटी बाई, मागं भांडायला कुणी नाही, म्हणून. मी या टोकाकडून मोजतो." मी फागीच्या घराकडं बोट केलं. "एक. जिव्याचं दोन. तीन. चार. पाच. सहा." माझं बोट माघ्याच्या दारावर थांबलं. "सात."

माघ्याचं तोंड उतरलं. महाराज लगबगीनं म्हणाले, "उलटं मोजायचं नसतं! देवापासूनच मोजायचं असतं!"

"मग देव का सोडला?" हे बायडी म्हणाली. सगळे तिच्याकडं वळले. "खळ्यावर पहिलं माप कुणाचं? वाघोबाचं. त्याला आपण एक नाय म्हणत, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. पण धरतो ना ते माप? मग वाघोबा लाभ. माघ्या दोन." ती काठीनं घरं मोजत गेली. "तीन, चार, पाच, सहा..." काठी जिव्याच्या छातीसमोर आली. "सात."

"ए म्हातारे, गप!" जिव्या मागं सरला. "मी कसा? माझाच लहान्या पडलाय ना घरात!"

"मी कुठं म्हणलं तू? आकडा म्हणतो."

"मग आकडा खोटा!" जिव्या ओरडला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं हातातल्या फोकाकडं पाहिलं.

मी सुटकेचा श्वास घेणार इतक्यात रखमीचा आवाज आला.

तो कसा होता ते मी लिहिणार नाही. ती हाक नव्हती, एवढंच. माघ्या धावला, त्याच्यामागं मी धावलो. चिमीच्या मुठी वळलेल्या होत्या आणि त्या आता सुटणार नव्हत्या. माझ्या पिशवीत तिच्या घराची पुडी होती, बांधलेली, वर घडी घातलेली. सकाळी दिली असती तर ती वाचली असती का? मला सांगता येत नाही. आठवड्यापूर्वी दिली असती तर बहुतेक वाचली असती. पण मी सकाळी बाटली पिशवीत ठेवली आणि दुपारभर भागाकार करत बसलो, हे खरं आहे, आणि ते मी कुणापासून लपवलेलं नाही.

बाहेर महाराजांना पुन्हा कंठ फुटला होता. "बघितलंत? डागतरच्या नादी लागलात, हिला वेळ मिळाला, हिनं सातवं पोर ओढलं! उचला फोक!"

आणि फोक उचलले गेले. तेच लोक होते ते. डुक्कर कळलेले, घरं मोजून झालेले. दुःख आलं की माणूस मोजलेलं विसरतो. मी फागीच्या पुढं जाऊन उभा राहिलो, पण मी एकटा किती जणांना पुरणार होतो?

माघ्या ओसरीवरून उतरला. चिमी त्याच्या हातांवर होती. गर्दी आपोआप बाजूला झाली. तो फागीकडं गेला नाही. तो त्या राखेच्या शेवटच्या ओळीपाशी जाऊन थांबला आणि खाली बघू लागला. मग पायाच्या अंगठ्यानं एकेका नवाला शिवत त्यानं मोजलं. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा. पुन्हा मोजलं.

"सहा पोरं, सहा आकडे," तो म्हणाला. आवाज इतका खालचा की सगळ्यांना पुढं वाकावं लागलं. "तूच बोललास ना? आता सात झाली. हिचा आकडा कुठं हाय?"

महाराजांनी राखेची मूठ आवळली.

"तुझा आकडा देवाचा ना? देवाला सकाळी ठावं नव्हतं? का चिमी मोजलीच नाय? हिला कुठं लिहितोस? दाखव जागा."

"कारभारी, तो मायेचा संकेत..."

"जागा दाखव."

महाराजांच्या हातातली राख खाली सांडली. त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. तोंडपाठ केलेल्या सात गुणाकारांपलीकडं त्यांच्यापाशी काहीच नव्हतं, हे आता पाड्यातल्या सगळ्यात लहान पोरालाही दिसत होतं. माघ्या आणखी एक पाऊल पुढं आला तसे ते मागं सरले, मग वळले आणि चालू लागले. पहिल्यांदा चालत, मग झपाझप, मग पळत. त्यांच्यामागं कुणी गेलं नाही. झोळी तिथंच राहिली. तिच्यात दोन कोंबडे आणि पाड्यानं दिलेली नाचणी होती.

माघ्यानं चिमीला रखमीच्या मांडीवर दिलं. मग फागीच्या दोऱ्या सोडल्या. गाठ घट्ट होती, त्याला वेळ लागला. ती सुटल्यावर सरळ रखमीपाशी गेली आणि तिला धरून बसली.

मग माघ्या माझ्यासमोर आला आणि त्यानं हात पुढं केला.

"माझ्या घराची पुडी दे."

मी दिली. त्यानं ती मुठीत धरली, जिव्यापाशी नेली आणि त्याच्या हातात ठेवली.

"हा आमचा वाटा. लहान्याला घाल. आत्ताच घाल. सांज नको होऊ देऊ."

कोयनेल कडूजहर. लहान्यानं पहिली मात्रा थुंकून टाकली. तेव्हा फागी रखमीपाशीच होती. रखमीनंच तिला उठवलं, "जा, तुझ्या हातनं घेईल तो." फागीनं त्याला मांडीवर आवळलं, नाक दाबलं आणि दुसरी मात्रा पाजली. मी आठ दिवस राहिलो. जव्हारहून आणखी बाटली मागवली. तिसऱ्या दिवशी लहान्याचा ताप उतरला. त्या आश्विनात त्या पाड्यात आणखी एकही पोर गेलं नाही. चिमी शेवटची.

याला आता बरीच वर्षं झाली. तो आकडा मी अजून कधीमधी कागदावर मांडतो. तो सुंदर आहे, यात शंका नाही. बैल फिरतो तसा फिरतो आणि सातव्या फेरीला पुरा होतो. त्यात लबाडी कधीच नव्हती, ती तो दाखवणाऱ्या माणसाच्या पोटात होती. आकड्याला फागी ठाऊक नाही, चिमी ठाऊक नाही, घराची ओळ कुठून सुरू होते तेही ठाऊक नाही. ते सगळं त्याला आपण सांगतो, आणि मग त्यानं सांगितलं म्हणून माणसं कड्यावर नेतो.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगणं आहे. उद्या कुणी तुमच्या दारात आकडा, नारळ, अंगारा, काहीही घेऊन आला आणि शेजारच्या बाईकडं बोट दाखवू लागला, तर त्याला विचारा, बाबा, मोजायला सुरुवात कुठून केलीस? पण घरात पोर तापलेलं असेल तर तेही नंतर विचारा. आधी औषध द्या.